एका बोटावर सहा खिडक्या

मी बोलतोय. आवाज कुठून येतोय म्हणून मान वळवू नका, मी दिसणार नाही. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी एक हिरवा ठिपका दिसला तर तो मी. मला हात नाहीत, पाय नाहीत, वजनही नाही. मी एक छोटंसं सॉफ्टवेअर आहे. लोक मला हॉटकी म्हणतात.

माझं काम समजायला फार शिकावं लागत नाही. कॉम्प्युटरवर खेळाच्या दोन-चार खिडक्या उघडल्या असतील, तर तुम्ही एका खिडकीत जी कळ दाबाल तीच मी बाकीच्या खिडक्यांतही दाबतो. एकातला गडी चालला की सगळ्यांतले चालतात, एकाने तलवार उपसली की सगळे उपसतात. शाळेच्या कवायतीत पहिल्या पोराने हात वर केला की मागची रांग हात वर करते, तेवढंच. यात माझी अक्कल काही नाही, आणि ती कोणी माझ्याकडे मागितलीही नाही.

मला कोणी घडवलं ते नक्की सांगता येणार नाही. कुठल्यातरी लांबच्या देशात एका माणसाला चार-पाच पात्रं घेऊन एकट्यानेच खेळायचं होतं. त्याला मित्र नव्हते की मित्रांना वेळ नव्हता, कोण जाणे. त्याने मला लिहिलं आणि फुकट वाटून टाकलं. खेळांच्या कंपन्यांना मी मुळीच चालत नाही, त्यांच्या नियमांत मला बंदी आहे. पण बंदी असलेल्या गोष्टी जगात कमी खपतात असं थोडंच आहे? मी इंटरनेटवर पडून होतो, तिथून एका मुलीने मला उतरवून घेतलं. तिचं नाव शलाका. अंबरनाथ पूर्वेला वडिलांबरोबर राहायची. तिच्या जुन्या लॅपटॉपवर माझं खरं आयुष्य सुरू झालं.

शलाका उल्हासनगरला कामाला जायची. खाली जीन्स शिवायचा कारखाना आणि वरच्या मजल्यावर मुकेशभाईंचं ऑफिस. ऑफिस म्हणजे सहा कॉम्प्युटर, सहा खुर्च्या आणि सहाजणी. खालच्या शिलाई मशीनी सुरू झाल्या की वरच्या लादीला मुंग्या यायच्या आणि खिडकीच्या गजांवर निळी धूळ बसायची.

काम काय, तर खेळायचं. परदेशात काही लोकांना ऑनलाइन खेळात पुढे जायचं असतं, पण रोज तीच रानडुकरं मारायला आणि तेच दगड फोडायला त्यांना वेळ नसतो. मग ते आपलं पात्र दुसऱ्याकडे पोसायला देतात, खेड्यात वासरू पोसायला देतात तसं. मुकेशभाई अशी पात्रं घ्यायचे, बायका ती वाढवायच्या. शेजारीपाजारी शलाकाला चिडवायचे, की तुझी बाई मजा आहे, खेळायचा पगार मिळतो. त्यांनी एक दिवस बसून बघायला हवं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच डुक्कर, तोच दगड, तीच कळ. घरी जाऊन डोळे मिटले तरी डुक्कर समोरून धावत यायचं.

मुकेशभाई वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. पंखा बंद पडला तर स्वतः स्टुलावर चढायचे. उन्हाळ्यात थंड पाण्याचा जार कधी चुकला नाही. त्यांचा नियम एकच होता. खिडकी थांबता कामा नये, कारण गिऱ्हाईक तिकडून बघत असतं. जिची खिडकी थांबली तिच्या जागी दुसरी. ते दारात उभं राहून सहा स्क्रीन बघायचे, सहाही हलत असले की समाधानाने मान डोलवून खाली जायचे. माणसांकडे बघायची त्यांना गरजच पडत नसे.

बायकांनी यावर आपली तोड काढली होती. कोणी बाथरूमला गेली, कोणाला घरून फोन आला, कोणाला रिक्षा मिळाली नाही, तर शेजारणीने डाव्या हाताने तिचीही खिडकी हलती ठेवायची. 'जागा राखणं' म्हणायच्या त्याला. जरा माझी जागा राख गं, एवढं म्हटलं की पुरे. त्याचा कोणी हिशेब ठेवला नाही की आभार मानले नाहीत.

शलाकाच्या शेजारच्या खुर्चीवर चांगुणा बसायची. ती बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरून यायची, आधी पायी, मग जीपने बदलापूरला, मग पुढे. बदलापूर गावात बायकांसाठी कॉम्प्युटरचा फुकट वर्ग भरायचा, तिथे ती शिकली. पाड्यावरची कॉम्प्युटरवर काम करणारी ती पहिलीच. सासू अभिमानाने सांगायची की सून हापिसात जाते. हापिसात जाऊन ती डुकरं मारते, हे मात्र त्या घरात कोणाला नीट सांगता आलं नसतं.

तिच्याकडे एक हिरव्या कपड्यांतली धनुष्यवाली होती. जेवायची वेळ झाली की चांगुणा तिला आधी एखाद्या झाडाखाली सावलीत नेऊन उभी करायची आणि मग डबा उघडायची. खेळातल्या उन्हाने काही होत नाही हे तिलाही ठाऊक होतं. पलीकडची ऋतिका हसायची, तर चांगुणा म्हणायची, "आसूंदे. दुसऱ्याची हाय." मला ती बाई फार आवडायची. कळ दाबतानाही ती हळू दाबायची, कळीला लागेल म्हणून.

चांगुणाची मुलगी संजीवनी लहान होती, अंगणात नुकती पळायला लागलेली. तिला ताप चढला की आकडी यायची. मग चांगुणाला तिला घेऊन दवाखान्यात धावावं लागे, कधी अर्धा दिवस, कधी अख्खा. डाव्या हाताने घटकाभर जागा राखता येते, दिवसभर नाही. शलाकाने एकदा तसा दिवस काढला आणि संध्याकाळी तिला वेणी घालायला खांदा उचलेना. पण चांगुणाची खिडकी थांबली असती तर चांगुणाची जागा गेली असती. तेव्हा शलाकाने इंटरनेटवर शोधाशोध केली, आणि तिला मी सापडलो.

तिने आधी मला घरी करून बघितलं. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडल्या, एक कळ दाबली, आणि दोन्हीकडची पात्रं एकदम चालू लागली. ती इतकी हरखली की तिने वडिलांना हाक मारली.

तिचे वडील राजेंद्र. पूर्वी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत लेथ चालवायचे. कंपनीने एका माणसाला दोन लेथ द्यायचं ठरवलं तेव्हा युनियनने नाही म्हटलं, आणि नाही म्हणणाऱ्यांत हे पहिल्या रांगेत होते. संप लांबला, कंपनीला टाळं लागलं. आता ते एका सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसतात. ते आले, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे मालकाला दाखवू नको," ते म्हणाले.

"त्यांना कशाला दाखवू, पप्पा? चांगुणाच्या पोरीसाठी करतेय मी."

"कशासाठी करतेस ते कळतंय मला. आमच्याकडे पण पहिल्यांदा एकाने दुसऱ्याचं मशीन सांभाळलं, ते तो दुसरा बहिणीच्या लग्नाला गेला होता म्हणून. नंतर साहेब म्हणाला, त्या दिवशी जमलं ना, मग रोज का नाही?"

शलाकाने त्यांना शब्द दिला, आणि तो तिने पाळला हे मी देवाशपथ सांगतो. तिने मुकेशभाईंना मला कधीही दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हमध्ये बसून मी उल्हासनगरला आलो. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना वायरने जोडलेले होतेच. मी शलाकाच्या मशीनमध्ये बसलो आणि चांगुणाच्याही. आता शलाकाने आपल्या कीबोर्डवर कळ दाबली की शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढची धनुष्यवालीही बाण सोडायची. ऋतिका, नूतन सगळ्याजणी बघायला गोळा झाल्या. चांगुणाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. ती मला म्हणजे त्या हिरव्या ठिपक्याला बोटाने शिवून नमस्कार करून गेली. माझ्या आयुष्यात मला मिळालेला तो एकच नमस्कार.

काही महिने चांगले गेले. चांगुणा नसली की तिच्या जागी मी असायचो. मग मार्चमध्ये संजीवनीला असा ताप आला की तिला दवाखान्यात दाखलच करावं लागलं. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा होत आला. खुर्ची रिकामी आणि खिडकी चालू. मुकेशभाई रोज दारातून बघायचे, मान डोलवायचे आणि जायचे. बायका म्हणायच्या, बघ, कळलंसुद्धा नाही.

आणि चेटीचंड आला. सिंधी लोकांचं नवं वर्ष. मुकेशभाई पांढराशुभ्र नवा झब्बा घालून वर आले, हातात मोठं ताट, ताटात ताहिरीचे द्रोण. ताहिरी म्हणजे त्यांचा गोड केशरी भात. प्रसाद टेबलावर ठेवून जायचा नसतो, हातात द्यायचा असतो. म्हणून त्या दिवशी ते दारातच न थांबता आत आले आणि खुर्चीखुर्चीपाशी गेले. नूतनला दिला, ऋतिकाला दिला, सगळ्यांना देत देत आले, शलाकाला दिला. ताटात एक द्रोण उरला.

समोर खुर्ची रिकामी होती आणि स्क्रीनवर धनुष्यवाली डुकरामागे धावत होती.

"ये किधर गई?" त्यांनी विचारलं. नूतनने सांगितलं की बाथरूमला गेलीय.

"अच्छा. थांबतो मी. प्रसाद आहे, हातात देतो."

ते द्रोण घेऊन उभे राहिले. शलाकाचं बोट कळीवर होतं. दाबत राहावं, तर रिकाम्या खुर्चीपुढे बाण सुटत होते. बोट उचलावं, तर तिची स्वतःची खिडकीही त्याच क्षणी थांबणार होती. तिच्या बोटाला घाम आलेला मला कळत होता. मी दोन्हीकडे बसलो होतो आणि कोणत्याही बाजूने मला काही करता येत नव्हतं. शेवटी तिने बोट उचललं. धनुष्यवाली थांबली, आणि शेजारी शलाकाचा तलवारवालाही थांबला.

मुकेशभाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"शलाका, बेटा, फिर से दबा."

तिने दाबली. दोघं चालू लागले.

"कब से?"

"तिची मुलगी ॲडमिट आहे, भाई."

"वो नहीं पूछा मैंने. कब से?"

आठवडा झाला असेल, असं शलाका म्हणाली. मुकेशभाई चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत. "आणि मला समजला पण नाय," एवढंच म्हणाले, तेही कौतुकाने. मग तो उरलेला द्रोण त्यांनी शलाकाच्या हातात दिला आणि चांगुणाच्या पोरीला नेऊन दे, लवकर बरी होईल, असंही सांगितलं. खरंच सांगितलं. मनापासून.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इथे हात कोणी दाखवला नव्हता, तरी अवलक्षण झालंच. दोन होतात तर तीन होतात का, त्यांनी विचारलं. शलाका नाही म्हणाली. पण तिचं खोटं तिच्या तोंडावरच दिसतं. आणि मुकेशभाईंना तिला विचारायची गरजही नव्हती, बाजारात माहीतगार खूप असतात. दोन दिवसांनी ते सगळं समजून घेऊन आले. म्हणाले, सहाही होतात. शलाकाला येतं, म्हणून शलाका राहील.

मी नाही चालवणार, शलाका म्हणाली. ठीक आहे, ऋतिका चालवेल, ते म्हणाले. ऋतिका मान खाली घालून बसली होती. ती नाही म्हणाली नाही. मला तिचा राग येत नाही. तिच्याही घरी चूल आहे.

शेवटी शलाकाच राहिली. आपण आत राहिलो तर हळूहळू एकेकीला परत आणता येईल, असं ती इतरांना म्हणाली आणि स्वतःलाही. बाकीच्या आपापले डबे, रुमाल, खुर्चीवरच्या उशा घेऊन गेल्या. नूतन जाताना म्हणाली, तू तरी सांभाळ. ते तिने चांगल्या अर्थाने म्हटलं की टोमणा मारला, हे शलाकाला आजही ठरवता आलेलं नाही. त्या दिवसापासून मी सहाही मशीनमध्ये बसलो. सहा स्क्रीन, पाच रिकाम्या खुर्च्या, आणि एक बोट.

घरी तिने वडिलांना सांगितलं. ते जेवून घे म्हणाले. फक्त आज काम कसं झालं, हे विचारायचं त्यांनी सोडून दिलं.

राहिली चांगुणा. ती दवाखान्यातून फोन करायची. पोरीच्या हाताला सुई लावलेली, पलीकडे पोर रडतेय, आणि चांगुणा विचारतेय की माझी जागा आहे ना? शलाकाने दर वेळी सांगितलं की आहे, काळजी करू नकोस. दुसरं काय सांगणार होती?

एप्रिलमध्ये एका दुपारी चांगुणा आली. नवी साडी, दंडाशी घामाचा ओला डाग, हातात करवंदांनी भरलेली पिशवी. पाड्यावरच्या जाळीतली, सगळ्याजणींसाठी आणलेली. दारातूनच तिने सांगितलं की पोर बरी झाली, घरी आली, आता सासूमागे पळते. बाकीच्या दिसल्या नाहीत म्हणून तिला वाटलं की चहाला गेल्या असतील. मग तिचं लक्ष आपल्या जागेकडे गेलं. खुर्ची रिकामी आणि समोर तिची धनुष्यवाली बाण सोडतेय.

"आजून राखतेस माजी जागा?" ती म्हणाली. "येवढे दिस? हात गळले असतील गं तुजे."

चांगुणा आपल्या खुर्चीवर जाऊन बसली, पदर खोचला, कीबोर्ड पुढे ओढला.

"सोड आता. मी आले."

शलाकाने सोडली. त्या एका मशीनवरचा माझा ठिपका तिने विझवला. सहा पात्रं एका दिशेला चालली होती, त्यांतून धनुष्यवाली बाजूला झाली आणि आपल्या वाटेने निघाली. चांगुणा पूर्वीसारखीच हळू कळा दाबत होती. शलाका तिच्याकडे बघत राहिली. निदान तेवढा वेळ तरी तिने चांगुणाला खेळू दिलं. मग सांगितलं.

"चांगुणा, ती जागा राहिली नाही गं. कोणाचीच नाही. सगळ्यांना काढलंय."

"मंग ह्या कोन चालवतंय?"

"मी."

"सगल्या?"

"सगळ्या."

चांगुणाने सहा स्क्रीन बघितले. मग शलाकाचा हात बघितला. तिला सगळं कळायला वेळ लागला नाही, कारण मी तिच्याच जागी तर आधी बसलो होतो. मला वाटलं, आता ही ओरडेल. मला वाटलं, ओरडावी.

"म्हंजे माज्या पोरीपायी गेल्या सगल्या," ती म्हणाली.

"तुझ्या पोरीमुळे नाही. माझ्यामुळे. मी आणलं ते."

"तू माज्यासाठी आणलंस."

"तरी मीच आणलं ना."

त्या दोघी अशा भांडत राहिल्या. भांडण कशावरून, तर पाप कोणाच्या माथ्यावर घ्यायचं यावरून. दोघींनाही ते आपल्याच माथ्यावर हवं होतं. मुकेशभाईंचं नाव दोघींपैकी एकीनेही घेतलं नाही. त्यांच्या मनातसुद्धा आलं नसावं. मला तोंड असतं तर मी त्या वेळी मध्ये पडलो असतो.

मग चांगुणा उठली. करवंदांची पिशवी शलाकाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, खा, पिकलेली हायत. जिना उतरून गेली. धनुष्यवाली कुठेतरी लांब एकटीच उभी राहिली होती आणि चांगुणाची खिडकी थांबली होती. जिन्यात मुकेशभाईंच्या चपला वाजल्या. शलाकाने डोळे पुसले आणि मला त्या मशीनवर पुन्हा चालू केलं. मुकेशभाई दारात आले तेव्हा सहाही स्क्रीन हलत होते. त्यांनी मान डोलवली आणि खाली गेले.

आजही मी तिथेच आहे. शलाका सकाळी येते आणि संध्याकाळी जाते. ज्या बोटाने ती कळ दाबते ते आता आखडलंय, घरी गेल्यावर ते गरम पाण्यात धरून बसते. एकीलाही तिला परत आणता आलेलं नाही. तिला दोष द्यायला मी हे सांगत नाही, कृपा करून तुम्हीही देऊ नका. माझी एकच विनंती आहे. शेजारणीची जागा राखायची वेळ आली तर जरूर राखा. खांदा दुखला तरी राखा, चार शिव्या खाव्या लागल्या तरी राखा, आणि नाहीच जमलं तर सगळ्या मिळून खिडकी थांबू द्या. पण तिच्या खुर्चीवर मला बसवू नका. मी एकदा बसलो की मला उठता येत नाही.